तेल-तुपाची घडण उलगडणारे मार्सेलँ बेर्तलो

पाव, केक किंवा आइस्क्रीमच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत '४७१' हा क्रमांक अनेकदा आढळतो. तेल आणि पाणी यांना एकत्र नांदवणाऱ्या, पाव अधिक काळ मऊ ठेवणाऱ्या मोनो व डायग्लिसराइड या पदार्थांचा तो संकेतांक होय. हे पदार्थ आज कारखान्यांत टनावारी तयार होतात. मात्र त्यांची पद्धतशीर ओळख जगाला करून दिली ती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमधील एका तरुण प्रयोगशाळा-साहाय्यकाने. त्याचे नाव मार्सेलँ बेर्तलो.

बेर्तलो यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८२७ रोजी पॅरिस येथे झाला. वडील डॉक्टर होते. विद्यार्थिदशेत बेर्तलो यांचा ओढा तत्त्वज्ञानाकडे होता आणि १८४६ मध्ये त्या विषयात त्यांनी राष्ट्रीय पातळीवरील पारितोषिकही पटकावले. याच काळात अर्नेस्त रनाँ या पुढे विख्यात झालेल्या विचारवंताशी त्यांची मैत्री जुळली आणि ती आयुष्यभर टिकली. १८५१ मध्ये 'कोलेज द फ्रान्स' या संस्थेत, ब्रोमीनचे संशोधक बालार यांच्या हाताखाली ते साहाय्यक म्हणून रुजू झाले. हुद्दा लहान होता, पण प्रयोगशाळा हाताशी होती.

त्या वेळी रसायनशास्त्रात एक मूलभूत वाद धुमसत होता. सजीवांच्या शरीरात तयार होणारे पदार्थ केवळ प्राणशक्तीच घडवू शकते, मानवाच्या हाती त्यांचे पृथक्करण तेवढे आहे, अशी समजूत होती. व्होलर यांनी १८२८ मध्ये युरिया आणि कोल्बे यांनी १८४५ मध्ये ॲसिटिक आम्ल प्रयोगशाळेत बनवून या समजुतीला तडे दिले होते. तरीही ती पुरती ढासळली नव्हती. तेल आणि चरबी यांच्याबाबतही तेच होते. शेव्हरल यांनी १८२३ च्या ग्रंथात स्निग्ध पदार्थ हे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांचे बनलेले असतात, हे दाखवून दिले होते. मोडणे साधले होते. जोडणे बाकी होते.

बेर्तलो यांनी ते जोडण्याचे काम हाती घेतले. ग्लिसरीन आणि मेदाम्ल काचेच्या नळीत भरायचे, नळीचे तोंड वितळवून बंद करायचे आणि ती तासन्‌तास तापवायची, अशी त्यांची पद्धत होती. १८५४ च्या डॉक्टरेट प्रबंधात त्यांनी या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. ग्लिसरीनच्या एका रेणूशी मेदाम्लाचे एक, दोन किंवा तीन रेणू जोडता येतात आणि तीन जोडले की नैसर्गिक चरबीत सापडतो तोच पदार्थ तयार होतो, असे त्यांतून सिद्ध झाले. ज्यांत तीनपैकी एक किंवा दोनच जागा भरलेल्या असतात, ती अर्धवट ग्लिसराइडे. निसर्गात सहसा न आढळणारे मेदही त्यांनी बनवले.

आजच्या ग्लिसरोलिसिस प्रक्रियेचा पाया हाच आहे. तेलात जादा ग्लिसरीन आणि थोडे अल्कलीयुक्त उत्प्रेरक घालून ते मिश्रण २०० ते २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. तेलाच्या रेणूतील मेदाम्ले नव्याने आलेल्या ग्लिसरीनमध्ये वाटली जातात. मोकळ्या राहिलेल्या जागांमुळे रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढ घेते. मात्र प्रक्रिया पूर्णत्वास न जाता मध्येच समतोल साधते आणि हाती मिश्रणच लागते. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातील अशा समतोलाचा सविस्तर अभ्यासही बेर्तलो यांनीच १८६२ च्या सुमारास पेआँ द सँ-जिल यांच्यासमवेत केला होता.

यानंतर त्यांचा आलेख चढताच राहिला. १८५९ मध्ये औषधनिर्माण विद्यालयात प्राध्यापकपद, १८६० मध्ये संश्लेषणावर आधारलेल्या कार्बनी रसायनाचा ग्रंथ, १८६२ मध्ये विद्युतज्योतीत कार्बन आणि हायड्रोजन यांपासून ॲसिटिलीनची निर्मिती आणि १८६५ मध्ये 'कोलेज द फ्रान्स'मध्ये खास त्यांच्यासाठी अध्यासन. १८७० मध्ये पॅरिसला वेढा पडला तेव्हा संरक्षणविषयक वैज्ञानिक समितीचे ते अध्यक्ष होते. १८८१ मध्ये ते तहहयात सिनेटर झाले. पुढे शिक्षणमंत्री आणि १८९५-९६ मध्ये परराष्ट्रमंत्रीही झाले. १८८९ मध्ये पाश्चर यांच्यानंतर विज्ञान अकादमीचे स्थायी सचिवपद त्यांच्याकडे आले.

या वैभवाला एक काळी किनारही होती. ग्लिसरीनला मेदाम्लांसाठी तीन जागा असतात, हे बेर्तलो यांच्याच प्रयोगांतून दिसले होते. त्या तीन जागांचा अर्थ अणूंच्या भाषेत लावला तो त्यांचे प्रतिस्पर्धी व्युर्त्झ यांनी. बेर्तलो यांना मात्र डोळ्यांना न दिसणारे अणू मान्य नव्हते. १८९० च्या सुमारापर्यंत त्यांनी जुनी तुल्यांक पद्धत सोडली नाही आणि त्यांच्या अधिकारामुळे फ्रान्समधील रसायनशिक्षण मागे पडले. त्यांच्या उष्मारसायनातील एका तत्त्वावर तरुण प्येर द्युएम यांनी टीका केली. द्युएम यांचा प्रबंध १८८४ मध्ये नाकारला गेला आणि पॅरिसमध्ये त्यांना कधीच प्राध्यापकपद मिळाले नाही. यामागे बेर्तलो यांचे वजन होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जुन्या समजुतीला आव्हान देणारा संशोधक सत्तास्थानी पोहोचल्यावर स्वतःच नव्या विचाराच्या वाटेत उभा राहिला, हा त्यांच्या चरित्रातील मोठा विरोधाभास होय.

उत्तरायुष्यात त्यांनी प्राचीन किमयेच्या हस्तलिखितांचा अभ्यास केला. भारताशी त्यांचे नाते जुळले ते याच वाटेने. कोलकात्याचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांना हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिण्यास बेर्तलो यांच्या पत्रांनी प्रोत्साहन दिले आणि १९०२ मध्ये त्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला.

१८ मार्च १९०७ रोजी पत्नी सोफी यांचे निधन झाले आणि त्यानंतर थोड्याच वेळात बेर्तलो यांनीही प्राण सोडला. राष्ट्राने दोघांना पॅरिसच्या पाँतेओंमध्ये एकत्र विसावा दिला. तेथे स्थान मिळालेल्या सोफी या पहिल्या महिला ठरल्या. बेर्तलो यांनी आपल्या शोधांच्या पेटंटमधून संपत्ती जमवली नाही. त्यांच्या अणुविरोधी मतांना काळाने बाजूला सारले. पण काचेच्या बंद नळीत त्यांनी घडवलेली अर्धवट ग्लिसराइडे मात्र जगभरच्या न्याहारीत रोज पोहोचत आहेत.