अनायरिन बेव्हन : खाणीतून आलेला आरोग्यमंत्री

वेल्समधील ट्रेडिगर हे कोळशाच्या खाणींचे गाव. १५ नोव्हेंबर १८९७ रोजी तेथील एका खाणकामगाराच्या घरी अनायरिन बेव्हन यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या पाठोपाठ खाणीत उतरला. बोलताना तो अडखळत असे. पुढे पार्लमेंट गाजविणाऱ्या या वक्त्याने आपला शब्दसंग्रह वाढविला तो गावच्या कामगारांच्या वाचनालयात; एक शब्द जिभेवर अडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून! (आपल्या ग्रंथालयात दुपारी किती जण असतात, हे येथे विचारीत नाही.)

१९२५ साली वडील वारले. कोळशाची धूळ फुप्फुसांत साठून होणारा तो रोग. परंतु भरपाईच्या कायद्यात त्याची गणना नसल्याने कुटुंबाला छदामही मिळाला नाही.

त्याच ट्रेडिगरमध्ये एक वेगळी व्यवस्था होती. कामगार दर आठवड्याच्या मजुरीतून काही पेन्स एका मंडळाकडे जमा करीत आणि त्या पैशातून घरातील सर्वांना डॉक्टर, औषध व रुग्णालय मिळे. कादंबरीकार ए. जे. क्रोनिन यांनी डॉक्टर म्हणून येथेच नोकरी केली होती. त्यांच्या ‘द सिटाडेल’वरून निघालेला ‘तेरे मेरे सपने’ अनेकांनी पाहिला असेल. बेव्हन या गावच्या रुग्णालयाच्या समितीवर होते. देशात मात्र १९११ च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळे, त्याच्या बायकोमुलांना नाही.

१९२९ साली ते खासदार झाले आणि १९४५ साली ॲटली यांच्या मजूर सरकारात आरोग्यमंत्री. १९४६ साली त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा संमत करून घेतला. खर्च मुख्यतः करांतून, आणि उपचाराच्या वेळी कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत. श्रीमंतांना फुकट कशाला, असे विचारणारे होतेच. पण गरिबी सिद्ध करून मदत मागण्यातील अपमान खाणवस्त्यांनी मंदीच्या काळात पुरेपूर भोगला होता. (नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीनेही १९४६ सालीच, पैशाअभावी कोणी उपचारांना मुकू नये, अशी शिफारस हिंदुस्थानसाठी केली होती.)

खरा विरोध डॉक्टरांचा होता. आपण सरकारी नोकर बनू, ही त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. फेब्रुवारी १९४८ च्या मतदानात दहांपैकी जवळजवळ नऊ डॉक्टर विरुद्ध गेले. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या बेव्हन यांनी येथे मात्र मुत्सद्देगिरी दाखविली. रुग्णालयांतील तज्ज्ञांना खाजगी व्यवसायाची मुभा व पैसे देणाऱ्या रुग्णांसाठी काही खाटा दिल्या. गावोगावच्या डॉक्टरांना पगार नव्हे, तर यादीतील रुग्णांच्या संख्येवर मोबदला ठरविला. समाजवाद्याने इतके सोडायला हवे होते का? माझ्या मते, हो. कारण रुग्णाच्या बाजूचे त्यांनी काहीच सोडले नाही. ५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली. चष्म्यांची मागणी सर्व अंदाजांपलीकडे गेली. इतकी वर्षे लोक अंधुक डोळ्यांनीच दिवस काढीत होते!

एप्रिल १९५१ मध्ये अर्थमंत्री गेट्स्केल यांनी चष्मे व कवळ्यांची निम्मी किंमत रुग्णांवर टाकली. कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रसज्जतेचा खर्च वाढला होता. त्यापुढे ही रक्कम किरकोळ. बेव्हन त्या वेळी मजूरमंत्री होते. त्यांनी राजीनामा दिला. पक्षात फूट पडली आणि त्याच वर्षी मजूर पक्षाची सत्ता गेली. चष्म्याच्या किमतीसाठी मंत्रिपद सोडणे अनेकांना हट्ट वाटला. मला तो हट्ट वाटत नाही, कारण एकदा दार किलकिले झाले की ते उघडतच जाते. १९५२ साली हुजूर पक्षाच्या सरकारने औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकार बसविला.

६ जुलै १९६० रोजी कर्करोगाने बेव्हन यांचे निधन झाले. औषधांच्या चिठ्ठीवरील आकार इंग्लंडमध्ये आजही आहे. वेल्समध्ये तो २००७ साली रद्द झाला.