शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख



श्रीमारुतीरायाच्या कृपेने आणि गावकऱ्यांच्या वर्गणीने आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य तडीस गेले. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी समितीच्या मंडळींनी आज्ञा केली. देवळाच्या पुस्तकात साधुसंतांचे चरित्र शोभून दिसते, हे खरे. परंतु ज्या पुरुषाने वेदांचा अभ्यास करून साता समुद्रापलीकडे पंडित म्हणून नाव मिळविले, परत येऊन देवीचे दार सर्वांना उघडावे म्हणून झगडा केला आणि खेड्यापाड्यांतील शाळांसाठी जिल्हा कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहण्यात कमीपणा मानला नाही, त्यांचे चरित्रही या पुस्तकात तितकेच शोभेल असे मला वाटते. ते पुरुष म्हणजे आपल्या विदर्भाचे भूषण डॉ. पंजाबराव देशमुख होत. सारा विदर्भ त्यांना भाऊसाहेब म्हणून ओळखतो.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. वडिलांचे नाव शामराव आणि मातोश्रींचे राधाबाई. घराणे मूळचे कदम, पण वतनामुळे देशमुख हेच नाव पुढे रूढ झाले. घर शेतकऱ्याचे. त्या काळी खेड्यातील शाळा म्हणजे दोन-चार इयत्ता, एक गुरुजी आणि बहुधा एखाद्याच्या ओसरीतला किंवा देवळातला वर्ग. त्यापुढे शिकायचे तर गाव सोडावे लागे. लहानग्या पंजाबलाही गाव सोडावे लागले. पापळहून चांदूर रेल्वे, तेथून कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि नंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, असा त्यांचा शिक्षणाचा प्रवास झाला. एका कुणब्याच्या पोराला मॅट्रिकपर्यंत पोचायला किती गावचे पाणी प्यावे लागते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पुढे त्यांनी जे कार्य केले त्याचे मूळ या अनुभवात आहे.

१९२० साली ते विलायतेस गेले. शेतकऱ्याच्या घराला हा खर्च सोपा नव्हता. तेथे एडिंबरो विद्यापीठात त्यांनी एम. ए. केले, संस्कृतच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळविली, ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि बॅरिस्टरीची परीक्षाही दिली. डॉक्टरेटचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. हा प्रबंध पुढे १९३३ साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पापळसारख्या खेड्यातल्या मुलाने वेदांवर ग्रंथ लिहावा आणि तो विलायतेत छापला जावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. वेद कोणी शिकावेत आणि कोणी शिकू नयेत याची भांडणे आपल्याकडे तेव्हा मिटली नव्हती.

१९२६ साली ते मायदेशी परतले. बॅरिस्टर माणूस, मनात आणते तर अमरावतीस किंवा नागपुरास वकिली थाटून लाखो रुपये मिळवू शकले असते. वकिली त्यांनी केलीही, पण जीव रमला तो दुसरीकडे. अमरावतीस त्यांनी श्रद्धानंद छात्रालय चालविले. खेड्यांतून शिकायला आलेल्या सर्व जातींच्या मुलांनी तेथे एकत्र राहावे व एका पंगतीत जेवावे, असा त्यांचा नियम होता. महाराष्ट्र केसरी हे साप्ताहिकही त्यांनी सुरू केले. १९२७ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या वैद्य घराण्यातील विमलाबाईंशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह आंतरजातीय होता. घरच्यांचा व समाजाचा रोष त्यांनी शांतपणे पत्करला. विमलाबाईंनी पुढे जन्मभर त्यांच्या कार्याला साथ दिली आणि त्यांच्या पश्चात राज्यसभेच्या सदस्य म्हणूनही काम केले.

त्याच महिन्यात अमरावतीत अंबादेवीच्या मंदिराचा प्रश्न गाजत होता. अंबादेवी म्हणजे साऱ्या वऱ्हाडाचे दैवत. पण अस्पृश्य मानलेल्या बांधवांना तिचे दर्शन बाहेरूनच घ्यावे लागे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली आणि मंदिरप्रवेशाची मागणी जोरात मांडली गेली. भाऊसाहेब या मागणीच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. वेदांचा अभ्यास केलेला माणूस मंदिर खुले करा म्हणतो, हे पाहून सनातनी मंडळी चपापली. पंचांनी त्या वेळी दार उघडले नाही. तरी भाऊसाहेबांनी पाऊल मागे घेतले नाही, कारण देवीच्या दारात जो अडवला जातो तोच विहिरीवर आणि शाळेच्या पायरीवरही अडवला जातो, हे त्यांनी ओळखले होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. १९२८ साली भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलवर निवडून आले आणि अध्यक्ष झाले. आजच्या तरुणांना जिल्हा कौन्सिल म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपला हा मुलूख तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या इलाख्यात मोडत होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १९२० च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात कौन्सिल आणि तिच्या हाताखाली लोकल बोर्डे असत. गावचे रस्ते, दवाखाने, विहिरी आणि मुख्य म्हणजे प्राथमिक शाळा ही कामे त्यांच्याकडे होती. महाराष्ट्रात १९६२ पासून जी जिल्हा परिषद आहे, तिची ही आजी म्हणावयास हरकत नाही. मत देण्याचा अधिकार मात्र सर्वांना नव्हता. सारा, कर भरणाऱ्या किंवा थोड्याफार शिकलेल्या लोकांनाच तो होता. त्यामुळे बोर्डावर बहुधा मालगुजार, सावकार आणि वकील मंडळी बसत. पुष्कळांना ती मानाची खुर्ची वाटे.

शाळेचा कायदा तयार होता. १९२० सालीच प्रांताने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला होता आणि आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा कौन्सिलांना दिली होती. पण मुभा असणे वेगळे आणि करून दाखविणे वेगळे. सक्ती करायची म्हणजे शाळा वाढवाव्या लागतात, गुरुजी नेमावे लागतात, त्यांचा पगार द्यावा लागतो आणि या सगळ्यासाठी लोकांवर कर बसवावा लागतो. ज्यांच्या मतांवर निवडून यायचे त्यांच्यावरच कर बसवायचा, म्हणून बहुतेक ठिकाणी सभासद या विषयाला हात लावत नसत. गोरगरीब मुलांच्या बापांना मत नव्हते आणि ज्यांना मत होते त्यांची मुले शहरात शिकत होती. ठराव पुढच्या सभेवर ढकलला जाई.

भाऊसाहेबांनी ते धाडस केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शाळांचा खर्च भागविण्यासाठी कर वाढवावा आणि कौन्सिलच्या विहिरी अस्पृश्य बांधवांना खुल्या कराव्या, हे निर्णय त्यांच्या कारकिर्दीत झाले. विहिरीचा आणि शाळेचा काय संबंध असे कोणी विचारील. संबंध असा की, दुपारी मुलाला तहान लागली आणि शाळेजवळच्या विहिरीचे पाणी त्याला मिळाले नाही, तर ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. कर वाढला तेव्हा कुरकूर झाली असणारच. पण शेतकऱ्याचा पोर शिकला नाही तर तो सावकाराचा कागद न वाचता अंगठा उठवीत राहील आणि कराच्या कितीतरी पट रक्कम व्याजात घालवील, हा त्यांचा हिशेब होता.

१९३० साली ते प्रांताच्या कायदे कौन्सिलवर निवडून आले व मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार आणि सार्वजनिक बांधकाम ही खाती त्यांच्याकडे आली आणि त्यांचा मुक्काम नागपुरास झाला. त्या काळच्या पद्धतीत शिक्षण खाते लोकांच्या मंत्र्याकडे असे, पण तिजोरीची किल्ली गव्हर्नरच्या बाजूला असे. अशा अडचणीतही त्यांनी खेड्यांचा कैवार सोडला नाही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी १९३३ साली कर्जलवाद कायदा झाला, त्यामागे भाऊसाहेबांची मोठी खटपट होती. त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडले.

या काळातली एक गोष्ट आपल्या आजच्या प्रसंगाशी फार जवळची आहे. १९३२ साली भाऊसाहेबांनी देवस्थानांच्या संपत्तीविषयी एक बिल कौन्सिलपुढे मांडले. देवळांकडे जमा होणारा पैसा नीट हिशेबात असावा आणि तो शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामी लागावा, हा त्यामागचा विचार होता. सनातनी मंडळींकडून त्याला विरोध झाला. भाऊसाहेब देवधर्माच्या विरोधात आहेत अशी हाकाटीही झाली असेल. पण वेदांतील धर्म कसा उगवला व वाढला याचा ज्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्याच्या श्रद्धेवर शंका घेण्याचे कारण नव्हते. देवापुढे ठेवलेला पैसा गावच्या लेकरांच्या उपयोगी पडला तर देव रागावत नाही, असा त्यांचा विश्वास होता. वऱ्हाडच्याच भूमीतल्या गाडगेबाबांनीही लोकांच्या देणगीतून धर्मशाळा आणि शाळा उभारून हाच धडा घालून दिला.

१९३२ सालीच भाऊसाहेबांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. सरकारात असो वा नसो, शाळेचे काम थांबता कामा नये यासाठी ही व्यवस्था होती. खेड्यापाड्यांत हायस्कुले निघाली, जवळ वसतिगृहे निघाली, पुढे कॉलेजेही निघाली. पापळच्या मुलाला जे शिक्षण शोधीत गावोगाव फिरावे लागले, ते आता वऱ्हाडातल्या मुलांच्या जवळ आले. नागपुरातही काँग्रेसनगरचे शिवाजी सायन्स कॉलेज याच संस्थेचे आहे. आपल्या पंचक्रोशीतील कितीतरी मुलेमुली तेथे शिकून मार्गी लागली.

त्यानंतरचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ते घटना समितीचे सभासद होते. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते भारत सरकारात कृषिखात्याचे मंत्री होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला आणि भातशेतीच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रसार केला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषि प्रदर्शन भरविले, त्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. अमरावतीकरांनी १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत त्यांना लोकसभेवर पाठविले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. १९६९ साली अकोल्यास निघालेल्या कृषि विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

मी तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. जातीच्या दाखल्यासाठी रोज माणसे येतात. पुरावा मागितला की दोन कागद उपयोगी पडतात, एक कोतवाल बुकातील नोंद आणि दुसरा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. कोणाला १९५० च्या आधीची नोंद लागते, कोणाला १९६१ च्या, कोणाला १९६७ च्या. ज्याचा आजा किंवा पणजा एक वर्ष का होईना शाळेत गेला, त्याचे नाव त्या पिवळ्या पानावर निघते आणि नातवाचे काम होते. ज्याच्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही किंवा ज्याच्या गावी शाळाच नव्हती, त्याला पुराव्यासाठी दारोदार फिरावे लागते. कोण्या एका कौन्सिलाने त्या काळी शाळा काढली की नाही, याचे फळ आज चौथी पिढी भोगते आहे. एका मताने मंजूर झालेला किंवा पुढे ढकललेला ठराव किती दूरवर जातो, हे त्या रजिस्टरात दिसते.

आज कर बसविण्याचे अवघड काम आपल्यापुढे नाही. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, प्रत्येक सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालकांतून घ्यावयाचे असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा आराखडा करणे, अनुदानाचा खर्च पाहणे, गुरुजी वेळेवर येतात की नाही याकडे लक्ष ठेवणे हे सारे अधिकार तिला आहेत. भाऊसाहेबांच्या काळी मोलमजुरी करणाऱ्या बापाला मत नव्हते, आता त्याला आणि त्याच्या घरच्या लक्ष्मीला समितीत बसता येते. तरी पुष्कळ गावी असे दिसते की, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला एका जागेसाठी चार-चार अर्ज पडतात आणि शाळेच्या समितीसाठी मात्र नावे गोळा करावी लागतात. पालकसभेला चार माणसे येतात आणि सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. मग आपण मुलांना दूरच्या शाळेच्या गाडीत बसवतो, गावच्या शाळेचा पट उतरतो आणि शाळा ओस पडते.

बंधुभगिनींनो, मंदिरासाठी आपण एकदिलाने वर्गणी दिली. मोलकरणीपासून मालकापर्यंत कोणी मागे राहिले नाही आणि कोणाची जात विचारली गेली नाही, हे भाऊसाहेबांना आवडले असते. माझी समितीला नम्र विनंती आहे की, जीर्णोद्धाराचा हिशेब पुरा झाल्यावर जी काही रक्कम शिल्लक राहील, ती सर्वांच्या संमतीने गावच्या शाळेच्या कामी लावावी. आणि पालकांना विनंती आहे की, शाळेच्या व्यवस्थापन समितीची निवड निघेल तेव्हा आपण स्वतः पुढे यावे, माताभगिनींनी आपली नावे द्यावी आणि सभेला हजर राहावे. ऑक्सफर्डचा पंडित जर जिल्हा कौन्सिलच्या खुर्चीवर बसून खेड्यातील शाळा मोजतो, तर आपल्या गावच्या शाळेसाठी महिन्यातून दोन तास काढणे आपल्याला जड जाऊ नये.

शाळेतल्या लेकरांना बल, बुद्धी आणि विद्या मिळो, हीच श्रीमारुतीरायाच्या चरणी प्रार्थना.

।। जय हनुमान ।।