गरिबांच्या शाळेचे जनक संत जोसेफ कलासान्झ

दरवर्षी २५ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफ कलासान्झ यांचा सण साजरा करते. १९४८ साली पोप पायस बारावे यांनी त्यांना जगातील सर्व ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. तरीही आपल्याकडे हे नाव फारसे कुणाच्या ओठांवर नसते. डॉन बॉस्को आपल्या घराघरांत पोहोचले; परंतु त्यांच्याही सुमारे अडीचशे वर्षे आधी रस्त्यावरच्या मुलांसाठी विनामूल्य शाळा उघडणारे हे स्पॅनिश धर्मगुरू मात्र दूरच राहिले. त्यांचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत, आणि त्यातील उजेडाबरोबर काळोखाचाही भाग सांगणार आहोत. सणाच्या निमित्ताने केवळ गुणगान करून थांबण्याची आपली जुनी सवय आहे. या संतांच्या बाबतीत ती सवय सोडलेली बरी.

जोसेफ यांचा जन्म १५५७ साली स्पेनमधील अ‍ॅरागॉन प्रांतात पेराल्टा दे ला साल या लहानशा गावी झाला. घरात ते सर्वांत धाकटे होते. येइदा, व्हॅलेन्सिया आणि अल्काला येथे उच्च शिक्षण घेऊन १५८३ साली त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. उर्जेल धर्मप्रांतात त्यांनी जबाबदारीची पदे सांभाळली. १५९२ साली ते रोमला आले, ते गरिबांची सेवा करण्याच्या हेतूने नव्हे, तर मायदेशी एखाद्या कॅथेड्रलमध्ये मानाचे व उत्पन्नाचे पद मिळावे म्हणून. वय ३५ च्या आसपास, विद्वत्ता उत्तम, आणि कार्डिनल मार्कांतोनियो कोलोन्ना यांच्या राजवाड्यात राहण्याची सोय. पद मिळवून परतायचे, एवढाच बेत होता. तो बेत कधीच तडीस गेला नाही.

रोममध्ये ते ख्रिस्ती धर्मशिक्षण मंडळाचे सदस्य झाले आणि रविवारी गरीब वस्त्यांतील मुलांना धर्मशिक्षण देऊ लागले. आठवड्यातून एकदा शिकवलेले उरलेले सहा दिवस रस्त्यावर वाहून जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. शहरातील प्रत्येक विभागात शिक्षक नेमलेले होते, त्यांना नगरपालिकेकडून थोडे वेतनही मिळे. पण ते मुलांकडूनही फी घेत. फी देऊ न शकणाऱ्यांना दार बंद. जोसेफ यांनी त्या शिक्षकांना विनवले, मग मोठमोठ्या व्रतस्थ संघांकडेही शब्द टाकला. प्रत्येकाकडे नकाराचे कारण तयार होते. अखेरीस तिबेर नदीपलीकडील त्रास्तेव्हेरे या गरीब वस्तीतील सांता दोरोतिया चर्चचे धर्मगुरू आंतोनियो ब्रेंदानी यांनी चर्चलगतच्या दोन खोल्या देऊ केल्या आणि स्वतः शिकवण्यास हातभार लावला. १५९७ सालच्या शरद ऋतूत तेथे शाळा सुरू झाली. गरिबांसाठी युरोपातील पहिली विनामूल्य सार्वजनिक शाळा म्हणून इतिहासकार तिचा उल्लेख करतात.

पुढच्याच वर्षी, १५९८ च्या नाताळात, तिबेरला महापूर आला आणि अर्धे रोम पाण्याखाली गेले. जोसेफ मदतकार्यात उतरले. पूर ओसरला, परंतु त्यांचे परतीचे विचारही त्याबरोबर ओसरले असावेत, असे आम्हांस वाटते.

शाळा वाढत गेली. १६०० साली ती नदी ओलांडून शहरात आली आणि १६१२ साली पियाझ्झा नव्होनाजवळील सान पांतालेओ येथे कायमची स्थिरावली. तेथे रोज हजाराच्या घरात मुले येऊ लागली. शाळेची घंटा टांगताना जोसेफ शिडीवरून पडले, पाय मोडला आणि चालण्यात कायमचा दोष राहिला. घंटा टांगायला त्यांना दुसरा माणूस मिळाला नसता असे नाही. पण वर्ग झाडणे, मुलांच्या लेखण्या टोकदार करून देणे, शाळेसाठी झोळी घेऊन फिरणे ही कामे ते स्वतःच करीत.

त्यांची शाळा दयेपोटी चालवलेला कोंडवाडा नव्हती, हे विशेष. मुलांना नऊ वर्गांत विभागलेले असे. नववा वर्ग सर्वांत खालचा, तेथे अक्षरओळख. तेथून मूल एकेक पायरी चढत पहिल्या वर्गापर्यंत जाई. वाचन पक्के झाले की वाटा दोन होत. ज्याला पुढे शिकायचे आहे त्याला लॅटिन, आणि ज्याला पोटासाठी लवकर काम धरायचे आहे त्याला सुवाच्य हस्ताक्षर व हिशेब. दुकानात किंवा पेढीवर नोकरी मिळावी हा त्यातील रोकडा विचार होता. शाळा सुटल्यावर शिक्षक मुलांना रांगेने घरापर्यंत पोहोचवीत, कारण रोमचे रस्ते लहान मुलांसाठी सुरक्षित नव्हते. ज्यू मुलांनाही प्रवेश होता. त्या काळात रोममधील ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

१६१७ साली पोप पॉल पाचवे यांनी या शिक्षकांच्या समूहाला मान्यता दिली आणि १६२१ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी त्याला व्रतस्थ संघाचा पूर्ण दर्जा बहाल केला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांना त्यांनी मुलांच्या शिक्षणाचे चौथे व्रत जोडले. ‘पियारिस्ट’ या नावाने हा संघ ओळखला जातो. विज्ञानाची आवडही त्यांच्या शाळांत रुजली. फ्लॉरेन्सचे काही पियारिस्ट गॅलिलिओचे शिष्य होते. गॅलिलिओ दोषी ठरून नजरकैदेत होते, दृष्टीही गेलेली होती. तेव्हा १६३९ साली फादर क्लेमेंते सेत्तिमी यांना रात्रीही त्यांच्यासोबत राहू द्यावे, असे जोसेफ यांनी तेथील वरिष्ठांना कळवले. असे पत्र लिहायला त्या काळी धैर्य लागत होते.

हेच धैर्य एका ठिकाणी त्यांना सोडून गेले. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा धडा तेथेच आहे.

संघाच्या नेपल्समधील शाळेचे प्रमुख स्तेफानो केरुबिनी हे बड्या घराण्यातील होते. त्यांचे वडील लाएर्झिओ केरुबिनी हे नामांकित विधिज्ञ. पोपमहोदयांच्या आज्ञापत्रांचा मोठा संग्रह त्यांनीच छापून प्रसिद्ध केला होता. १६२९ च्या सुमारास केरुबिनी शाळेतील मुलांशी लैंगिक दुर्वर्तन करीत असल्याच्या तक्रारी जोसेफ यांच्यापर्यंत आल्या. त्यांनी काय करावे? त्यांनी केरुबिनींना नेपल्समधून हलवले, पण बढती देऊन. संघाच्या सर्व शाळांची तपासणी करणारे अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. प्रकरणाचा बाहेर गवगवा होऊ नये, अशी काळजी घेण्याविषयी जोसेफ यांनी पत्रांतून बजावले. मुलांपासून त्यांना दूर न्यावे, घराण्याचा रोष ओढवू नये आणि नवजात संघाचे नाव राखावे, असा त्यामागील विचार दिसतो. हेतू दुष्ट नव्हता. पण ज्या मुलांसाठी हा संघ जन्माला आला, त्यांच्याबाबत न्यायाचा विचार त्या हिशेबात मागे पडला.

जोसेफ यांची हजारो पत्रे आजही उपलब्ध आहेत. ब्रिटिश इतिहासकार कॅरन लीब्राइक यांनी २००४ साली या प्रकरणावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जगभर चर्चा झाली. काही भाविकांना तो संतांवरील आघात वाटला. आम्हांस तसे वाटत नाही. संत म्हणजे कधीही न चुकलेला मनुष्य, अशी ख्रिस्तसभेची शिकवण कधीच नव्हती. आणि आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ साली धर्मगुरू व व्रतस्थांना अशा तक्रारी वरिष्ठांकडे नोंदवणे अनिवार्य केले. म्हणजे जोसेफ यांनी तेव्हा उचललेले पाऊल आज एखाद्या मुख्याध्यापकाने वा संस्थाचालकाने उचलले, तर तो स्वतःच गुन्हेगार ठरेल. आपल्या धर्मप्रांतातील शाळा चालवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

झाकलेले प्रकरण पुढे जोसेफ यांच्याच अंगावर आले. फ्लॉरेन्समध्ये मारियो सोझ्झी नावाच्या सदस्याने इन्क्विझिशन या धर्मन्यायपीठाची मर्जी संपादन केली आणि तिच्या बळावर वरचे पद मिळवले. ८ ऑगस्ट १६४२ रोजी, पंचाऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या जोसेफ यांना भर उन्हात रोमच्या रस्त्यांतून धर्मन्यायपीठाकडे नेण्यात आले. लवकरच त्यांची सुटका झाली, पण १६४३ साली त्यांना प्रमुखपदावरून दूर करून सोझ्झी यांच्या हाती कारभार देण्यात आला. त्याच वर्षी सोझ्झी मरण पावले आणि त्यांच्या जागी आले ते स्तेफानो केरुबिनी. मुलांना ज्याच्यापासून वाचवायचे होते, तोच आता सर्व शाळांचा मुख्य झाला. संघातील अनेकांनी कळवळून विरोध केला. उपयोग झाला नाही. रोममधील अधिकाऱ्यांनीही घराण्याचे वजन पाहिले.

१६४६ साली पोप इनोसंट दहावे यांनी संघाचा दर्जा काढून घेतला आणि प्रत्येक मठ त्या त्या ठिकाणच्या बिशपांच्या अधीन केला. कारणे अनेक होती. धर्मगुरू व बंधू यांच्यातील अंतर्गत भांडणे होती, गरिबांची मुले शिकली तर चाकरी कोण करणार असे म्हणणारे उमरावही होते. तरी केरुबिनींच्या हाती संघ गेल्यानंतर घसरगुंडी वेगाने झाली, हे नाकारता येत नाही.

जुने चरित्रकार या काळातील जोसेफ यांच्या सहनशीलतेची तुलना ईयोबाशी करतात, आणि ती यथार्थ आहे. आपल्याच हयातीत आपले जीवितकार्य मोडलेले पाहूनही त्यांनी कुणाला शाप दिला नाही. सान पांतालेओतील आपल्या खोलीतून ते सहकाऱ्यांना पत्रे लिहून धीर देत राहिले. शाळा सोडू नका, मुले वाट पाहत आहेत, एवढाच त्यांचा आग्रह होता. अनेकांनी तो ऐकला. दर्जा गेला तरी वर्ग भरत राहिले.

२५ ऑगस्ट १६४८ रोजी, वयाच्या नव्वदीनंतर, जोसेफ यांनी देह ठेवला. सान पांतालेओ येथेच त्यांना पुरण्यात आले. १७६७ साली पोप क्लेमेंट तेरावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. चित्रकार गोया आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगर मेंडेल हे दोघेही बालपणी पियारिस्ट शाळांत शिकले. संघाला मात्र आधीच पुन्हा जीव आला होता. १६५६ साली पोप अलेक्झांडर सातवे यांनी काही प्रमाणात आणि १६६९ साली पोप क्लेमेंट नववे यांनी पूर्णपणे त्याला पूर्वीचा दर्जा परत दिला. तोवर जोसेफ यांच्या मृत्यूला २१ वर्षे झाली होती.