पु. ल. देशपांडे : महाविद्यालय, रंगभूमी आणि नभोवाणी

वक्तृत्व, अभिनय आणि नभोवाणी या तीन कला आज अनेक महाविद्यालयांत अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकविल्या जातात. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांच्या तरुणपणी अशी सोय मराठी विद्यार्थ्याला सहसा उपलब्ध नव्हती. वक्तृत्वाला वादविवादाच्या स्पर्धा, अभिनयाला वार्षिक स्नेहसंमेलनातील नाटक, एवढाच महाविद्यालयाचा त्यातला वाटा असे. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तिन्ही क्षेत्रांत एकाच वेळी अधिकाराने वावरणारे त्यांच्यासारखे दुसरे मराठी व्यक्तिमत्त्व दाखविणे कठीण आहे. ते विनोदी लेखक म्हणून सर्वश्रुत आहेत. परंतु त्यांच्या लेखनाचा पाया उच्चारित शब्दात आहे आणि तो पाया कसा घातला गेला, हे त्यांच्या चरित्रक्रमातून स्पष्ट होते.

देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी येथे झाला. बालपण जोगेश्वरीस व पुढे पार्ल्यास गेले. शालेय शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात झाले. त्यांचे मातामह वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहीत. रवींद्रनाथांची 'गीतांजली' त्यांनी अभंगांत आणली होती. दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे देशपांडे यांनी पेटीचे धडे घेतले. लयीचे हे शिक्षण केवळ संगीतापुरते राहिले नाही. वाक्य कोठे थांबवावे आणि कोणत्या शब्दावर समेवर यावे, याची जी जाण त्यांच्या भाषणांत आढळते, तिचा उगम या पेटीत शोधावा लागतो.

मुंबईतील नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले आणि १९३६ मध्ये देशातील प्रसारणसंस्थेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. त्यानंतर वर्षभरातच, म्हणजे १९३७ पासून, देशपांडे नभोवाणीवरील छोट्यामोठ्या नाटिकांत भाग घेऊ लागले. अनंत काणेकरांच्या 'पैजार' या श्रुतिकेत त्यांनी काम केले. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ महाविद्यालयात सुरू झाले होते; मुंबईत ते कायद्याचेही विद्यार्थी होते. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना चिंतामणराव कोल्हटकर यांच्या 'ललितकलाकुंज' या संस्थेच्या नाटकांतून त्यांनी भूमिका केल्या.

अशा प्रकारे विद्यार्थिदशेतच परस्परविरोधी अशी दोन शिक्षणे त्यांना मिळाली. कोल्हटकर हे जुन्या व्यावसायिक रंगभूमीचे नट. त्या रंगभूमीवर शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचविणे हा नटाचा पहिला धर्म होता. नभोवाणीवर नेमके उलट. तेथे श्रोता हातभर अंतरावर असतो, एकटा असतो आणि त्याला हावभाव दिसत नाहीत. आवाज चढविला की तो दुरावतो. पहिल्या पद्धतीत वाढलेल्या अनेक नटांना दुसरी साधली नाही. देशपांडे दोन्ही एकाच वयात शिकले, म्हणून एकीची सवय दुसरीच्या आड आली नाही.

शिक्षकी पेशाने या शिक्षणात तिसरी बाजू जोडली. मुंबईच्या ओरिएंटल हायस्कुलात त्यांनी काही काळ अध्यापन केले. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून ते १९५० साली एम.ए. झाले आणि नंतर बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक झाले. पुढे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातही त्यांनी शिकविले. वर्गातील श्रोता हा तिकीट काढून आलेला प्रेक्षक नव्हे. त्याचे लक्ष तासागणिक नव्याने मिळवावे लागते.

बेळगावचा काळ अल्प असला तरी त्याचे फळ मोठे आहे. या सीमाभागात मराठी आणि कानडी एकाच घरात, कित्येकदा एकाच वाक्यात नांदतात. 'गणगोत'मधील रावसाहेब हे बेळगावचे रसिक गृहस्थ. त्यांची मराठी कानडी हेलाने आणि कानडी वाक्यवळणाने घडलेली आहे. ती कागदावर उतरविताना देशपांडे यांनी तिची टिंगल केली नाही. तिच्यातील जिव्हाळा आणि संगीताचे वेड वाचकाच्या कानी पोचविले. 'व्यक्ती आणि वल्ली'तील अंतू बर्वा रत्नागिरीच्या बोलीतून असाच उभा राहतो. या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही व्यक्तिचित्रे प्रथम ऐकली जातात, मग दिसतात.

दरम्यान काही वर्षे चित्रपटांत पटकथा, संगीत, अभिनय व दिग्दर्शन करून १९५५ साली देशपांडे आकाशवाणीच्या नोकरीत आले आणि लवकरच नाट्यविभागाचे प्रमुख निर्माते झाले. कवी मर्ढेकर याच खात्यात अधिकारी होते. साहित्यिकांनी नभोवाणीत यावे ही त्या काळातील सार्वत्रिक प्रवृत्ती होती आणि शेजारच्या कन्नड प्रांतात तिचे मूळ थेट महाविद्यालयात सापडते. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याला 'आकाशवाणी' हे नाव सुचविण्याचे श्रेय ना. कस्तुरी या प्राध्यापक-विनोदकारांना दिले जाते. पुढे ते नाव साऱ्या देशाने स्वीकारले. म्हैसूरचे केंद्र १९५५ मध्ये बंगळूरला हलविण्यात आले. त्याच वर्षी देशपांडे या खात्यात आले. कन्नडमध्ये प्राध्यापकाने नभोवाणी उभारली. मराठीत नभोवाणीवर घडलेला आवाज प्राध्यापकी करून पुन्हा नभोवाणीत आला. वर्ग आणि प्रसारण यांचे नाते मात्र दोन्हीकडे तेवढेच निकटचे होते.

'तुझे आहे तुजपाशी' हे नाटक १९५७ मधले, म्हणजे या नोकरीच्या काळातले. त्यातील काकाजी आणि आचार्य यांचा संघर्ष विचारांचा आहे, तसाच तो बोलण्याच्या दोन रीतींचाही आहे. काकाजींची इंदुरी ऐसपैस भाषा आणि आचार्यांची घोटीव, उपदेशपर भाषा यांतूनच प्रेक्षकाचा कल ठरतो. १९५८ मध्ये आकाशवाणीने त्यांना लंडनला बी.बी.सी.कडे प्रशिक्षणासाठी पाठविले. या विषयाचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले ते असे वयाच्या अडतिसाव्या वर्षानंतर. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शनचे प्रसारण सुरू झाले, तेव्हा त्या प्रारंभीच्या कार्यातही त्यांचा सहभाग होता आणि पंडित नेहरूंची मुलाखत त्यांनी घेतली.

साठीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी शासकीय नोकरी सोडली. 'बटाट्याची चाळ'च्या एकपात्री प्रयोगांत एक माणूस, नेपथ्याची अत्यल्प मदत आणि डझनभर आवाज एवढ्यावर संपूर्ण चाळ उभी राहिली. पुढे पत्नी सुनीताबाई यांच्यासह त्यांनी बा. भ. बोरकर आणि मर्ढेकर यांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम केले. तेथे अभिनय मुद्दाम मागे ठेवला होता. कवितेला तिचा आवाज मिळावा, वाचणाऱ्याचा नव्हे, हा त्यामागील विचार होता.

या शब्दसामर्थ्याची खरी परीक्षा रंगमंचाबाहेर झाली. १९७४ साली इचलकरंजी येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली आणि उच्चारस्वातंत्र्यावर बंधने पडली. १९७७ च्या निवडणुकीत देशपांडे यांनी जनता पक्षासाठी सभा घेतल्या. ज्या आवाजाला लोक हसण्यासाठी गर्दी करीत, तोच आवाज आता त्यांना गंभीर व्हावयास सांगत होता. श्रोत्यांनी तो ऐकला, कारण त्या आवाजावर त्यांचा वर्षानुवर्षांचा विश्वास होता. विजय मिळताच ते राजकीय व्यासपीठावरून उतरले आणि आपल्या कामाकडे वळले. सत्तेकडे त्यांनी काही मागितले नाही. १९९६ साली पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला, तेव्हा कंपवाताने शरीर थकले होते. तरी त्या निमित्ताने राज्यकर्त्यांच्या वृत्तीविषयीची आपली नाराजी त्यांनी लपविली नाही आणि त्यापायी सत्ताधाऱ्यांचा रोष पत्करला. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आवाजाची फेक, विरामाची जागा आणि ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर ही शिकविता येण्याजोगी कौशल्ये आहेत आणि ती शिकविली जाणे इष्टच आहे. देशपांडे यांनाही ती कोणी ना कोणी शिकविली होती. परंतु कशासाठी बोलावे आणि केव्हा बोलणे थांबवावे, हे त्यांनी ज्या प्रकारे ठरविले त्याचा समावेश कोणत्याही पाठ्यक्रमात सहजासहजी होण्यासारखा नाही. वक्तृत्वाचा अभ्यास करणाऱ्याने त्यांचे चरित्र वाचावे ते या निर्णयांसाठी.