सुइणीच्या कामाला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे

निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा व पुवा या दोन सुइणींची नावे आली आहेत. त्यांना हुकूम देणाऱ्या फारोचे नाव मात्र तेथे दिलेले नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही गोष्ट मुलांच्या ध्यानात जरूर आणून द्यावी. आपल्या महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सुईण म्हणजे गावाबाहेरची, हलक्या जातीची बाई. बाळंतपणाला विटाळ मानीत, म्हणून हे काम करणारीही विटाळाची. बाळंतिणीची खोली म्हणजे वाड्यातली सर्वांत काळोखी खोली. खिडकी बंद, धुराची शेगडी पेटलेली, अंथरुणाला जुनेर. तेथे दहा दिवस कोणी शिवायचे नाही. नाळ कापावयाचे हत्यार उकळून घ्यावे, हे कोणाला ठाऊक नव्हते. धनुर्वाताने किती तान्ही मुले गेली त्याची मोजदादच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे दोनशे वर्षाच्या आत दगावत असत.

आता त्याच वाड्यातल्या दुसऱ्या एका खोलीकडे पाहू. तेथे केशवपन केलेली विधवा दिवस ढकलीत असे. वय वीस-बावीस, हाताला काम नाही, पदरी पैसा नाही, आणि शुभकार्यात तिचे तोंडही दिसू नये अशी समजूत. या दोन खोल्यांमधली भिंत पाडण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव फार वरचे आहे.

त्यांचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरचे नाव यमुना. 1873 साली अकराव्या वर्षी त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. माधवरावांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती, आणि स्वतः विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असल्यामुळे त्यांनी एखाद्या विधवेशी लग्न करावे, अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांची मुलगी घरात आणली. पुष्कळांनी त्यांना दोष दिला, आणि तो वावगा नव्हता असे मला वाटते. पण लग्नानंतर लगेच त्यांनी या निरक्षर मुलीला स्वतः शिकवावयास घेतले. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे रमाबाईंनी वर्षानुवर्षे सोसले. उलट उत्तर द्यावयाचे नाही आणि पुस्तकही सोडावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता.

1882 साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज काढला. रानड्यांच्या रमाबाई तेथे नियमाने जाऊ लागल्या. नाव एक, वयातही फार अंतर नाही. पुढे पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परत आल्यावर त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे त्याच्या सल्लागार मंडळात होते. सदनातील काही मुली ख्रिस्ताकडे वळू लागल्याचे दिसताच 1893 साली रानडे, भांडारकर आदी मंडळींनी राजीनामे दिले. आपल्या वाचकांना हा इतिहास माहीत आहे. राजीनामे देऊन विधवेचा प्रश्न मात्र सुटला नाही. ज्या घरांना आपल्या लेकीसुना शारदा सदनात पाठवावयाच्या नव्हत्या, त्या घरांतल्या विधवांनी जावे तरी कोठे?

16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाई एकोणचाळिसाव्या वर्षी स्वतःच विधवा झाल्या. काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर मात्र येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटावयास जाणे, बायकांचे वर्ग घेणे, असे एकेक काम त्यांनी अंगावर घेतले. 1908 साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी मुंबईस सेवासदन काढले आणि अध्यक्षपद रमाबाईंना दिले. 2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्यात सेवासदन सुरू झाले. तेथे भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांचा उजवा हात झाले.

आरंभी लिहिणे-वाचणे, शिवण, गाणे असे साधे वर्ग होते. खरी परीक्षा झाली ती 1911 साली ससून इस्पितळात परिचारिकांचा व सुइणींचा वर्ग सुरू झाल्यावर. इस्पितळात त्या वेळी नर्स म्हणजे बहुधा युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा आपल्या मंडळीतली एखादी ख्रिस्ती मुलगी. ब्राह्मण घरातल्या विधवेने परक्या माणसाची मलमपट्टी करावी, कोणत्याही जातीच्या बाळंतिणीला हात लावावा, हे पुण्याच्या गळी उतरेना. लोकांनी हेटाळणी केली, चारित्र्याविषयी वेडेवाकडे बोलले. रमाबाईंनी एकेका घरी जाऊन सासऱ्यांची, दिरांची समजूत घातली. स्वतः रानड्यांची पत्नी जामीन राहते म्हटल्यावर नाही म्हणणे जड जाई. मुलींच्या राहण्याची सोय त्यांनी आपल्या देखरेखीखाली केली, म्हणून बोलणाऱ्यांची तोंडे हळूहळू बंद झाली.

या योजनेतला शहाणपणा मला विशेष वाटतो. डॉक्टर होण्यास लांबलचक शिक्षण लागते. आनंदीबाई जोशी त्यासाठी अमेरिकेस गेल्या, रखमाबाई इंग्लंडास गेल्या व परत येऊन त्यांनी आपल्या गुजरातेत सुरतेस बाळंतिणींसाठी आयुष्य वेचले. अशा स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघणार. पण विशीत अक्षरे गिरवू लागलेली विधवा आधी प्राथमिक इयत्ता पुऱ्या करील, मग सुइणीचे काम शिकेल, आणि थोड्याच वर्षांत सरकारी दवाखान्यात पगारावर उभी राहील. तिच्या हातून बाळंतीण सुखरूप सुटेल आणि तिलाही कोणाच्या दाराशी उभे राहावे लागणार नाही.

आमच्या बाजव्याला खतकारखान्याच्या निमित्ताने आलेली मराठी घरे पुष्कळ आहेत. मुलगी बारावी झाली की डॉक्टरकीचा खर्च झेपणार नाही म्हणून पालक खाली मान घालतात. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा असतो. 2005 नंतर गावोगाव आशा कार्यकर्त्या आल्या. त्यांना तर पदवी लागतच नाही. गरोदर बाईची नोंद करणे, तिला दवाखान्यात नेणे, तान्ह्याला लस टोचून घेणे ही त्यांची कामे. मानधन तुटपुंजे आहे आणि त्याबद्दलची त्यांची तक्रार रास्त आहे.

रमाबाईंना स्वतःचे मूल नव्हते. शेवटच्या वर्षांत त्या मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी व स्त्रियांच्या मताधिकारासाठीही झटल्या. 1910 साली त्यांनी लिहिलेल्या आठवणी आजही वाचल्या जातात. त्यांत माधवरावांविषयी पानेच्या पाने आहेत, स्वतःविषयी बेताचेच. 1924 च्या एप्रिल महिन्यात पुण्यास त्यांचे देहावसान झाले. तोवर सेवासदनातून शिकून निघालेल्या परिचारिका व सुइणी पुण्याबाहेरच्या दवाखान्यांतही कामाला लागल्या होत्या.