लुडविग लाक्योर

लुडविग लाक्योर (१८३९–१९०९) हे जर्मन नेत्रवैद्य होते. काचबिंदूवर थेंबांच्या औषधाने उपचार करण्याचा मार्ग त्यांनी १८७६ मध्ये दाखवला. ते स्वतःही याच विकाराचे रुग्ण होते.

जीवन
लाक्योर यांचा जन्म सायलेशियातील फेस्टेनबर्ग (सध्या पोलंडमध्ये) येथील. वैद्यकीय शिक्षणानंतर त्यांनी काही वर्षे फ्रान्समधील ल्यों शहरात व्यवसाय केला. १८७२ पासून ते स्ट्रासबर्ग येथे नेत्रवैद्यकाचे अध्यापन करू लागले. तेथेच त्यांचे निधन झाले.

काचबिंदू आणि औषध
काचबिंदूत बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृक्-तंत्रिकेची हानी होते. गेलेली दृष्टी परत येत नाही. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये परितारिकेचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती. त्यापूर्वी यावर खात्रीचा उपाय नव्हता.

लाक्योर यांच्या दृष्टीसमोर मधूनमधून धुके येई आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसत. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाची विषारी शेंगबी आरोपीचा अपराध ठरवण्यासाठी खायला घालत. तिच्या अर्काने डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, हे एडिंबरोच्या संशोधकांनी दाखवून दिले होते. त्या बीतील फायसोस्टिग्मिन या द्रव्याचे थेंब वापरल्यास डोळ्यातील दाब उतरतो, असे लाक्योर यांना आढळले. बाहुली लहान झाली की परितारिका कडेपासून ओढली जाते व डोळ्यातील द्रवाला बाहेर पडण्याची वाट मोकळी होते.

मात्र या थेंबांनी विकार आटोक्यात राही, समूळ जात नसे. अखेर १८८० मध्ये झुरिचचे नेत्रवैद्य हॉर्नर यांच्याकडून त्यांनी दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली. त्यामुळे त्यांची दृष्टी अखेरपर्यंत टिकली. आपल्या आजाराची हकीकत त्यांनी लिहून ठेवली. ती १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली.

महत्त्व
लाक्योर यांच्यानंतर लगेच पिलोकार्पिन हे तुलनेने सौम्य औषध वापरात आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टिमोलॉल व लॅटानोप्रोस्ट यांसारखे थेंब उपलब्ध झाले. तरीही औषध दाब कमी करते, झालेली हानी भरून काढत नाही, हे मूळ तत्त्व कायम आहे. डोळा दुखत नाही म्हणून थेंब बंद करणे धोक्याचे ठरते. वेळीच निदान आणि नियमित औषध हीच दृष्टी राखण्याची वाट, हे लाक्योर यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.