जकातीचं दार उघडणारा कापडवाला : रिचर्ड कॉब्डेन

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली समुद्राची पट्टी सर्वांत अरुंद जागी जेमतेम पस्तीसेक किलोमीटरची. तरीही १८६० पर्यंत मँचेस्टरचं सुती कापड फ्रान्सच्या बाजारात उघडपणे विकता येत नव्हतं. जकात जास्त होती असं नाही, आयातीलाच बंदी होती. लोकरी कापडाचीही तीच गत. उलट दिशेने फ्रेंच वाइन इंग्लंडमध्ये यायची, पण गॅलनमागे सहा शिलिंगांच्या आसपास कर भरून, म्हणजे श्रीमंताच्या टेबलापुरतीच. १७०३ साली इंग्लंडने पोर्तुगालशी, म्हणजे गोव्यावर राज्य करणाऱ्या त्याच पोर्तुगालशी, करार करून पोर्तुगीज वाइनला सवलत दिली होती. इंग्रजांना पोर्टची चटक लागली ती तेव्हापासून.

दोन्ही देशांत वाफेची यंत्रं होती, गिरण्या होत्या, रेल्वे होती. पण व्यापार मात्र तुटपुंजा, आणि मनात एकमेकांची धास्ती. हे दार ज्या माणसाने उघडलं तो मंत्री नव्हता की राजदूत नव्हता. तो होता कापडाचा व्यापारी, रिचर्ड कॉब्डेन.

कॉब्डेन यांचा जन्म ३ जून १८०४ रोजी ससेक्समधल्या मिडहर्स्टजवळच्या डनफर्ड या शेतघरात झाला. अकरा भावंडांतले ते चौथे. वडील स्वभावाने भले, पण व्यवहारात कच्चे. १८१४ मध्ये शेत हातचं गेलं आणि मुलं नातेवाइकांकडे पांगली. रिचर्डची रवानगी दूर यॉर्कशायरच्या एका निवासी शाळेत झाली. तिथे पोटभर जेवण नाही, शिकवणं नाही, घरचं माणूस भेटायला नाही, अशी पाच वर्षं गेली. त्या दिवसांबद्दल पुढे आयुष्यभर ते बोलायला नाखूश असत. पंधराव्या वर्षी लंडनला काकांच्या वखारीत कारकून, मग मलमल आणि छापील कापडाचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता. बग्गीतून देश पालथा घालताना बाजार म्हणजे काय हे त्यांना कळलं, ते पुस्तकातून नव्हे.

१८२८ मध्ये दोन भागीदारांबरोबर त्यांनी स्वतःचा धंदा सुरू केला. भांडवल बहुतेक उसनंच. तीन वर्षांनी लँकेशायरमधल्या सॅबडेन इथे कापड छापण्याचा कारखाना घेतला आणि मग मुक्काम मँचेस्टरला हलवला. धंदा जोरात चालला. तेवढ्यावर थांबले असते तर सुखाने श्रीमंत झाले असते. पण त्यांना लिहायचा आणि प्रवासाचा नाद लागला. अमेरिका, इजिप्त, तुर्कस्तान, जर्मनी पाहून झाल्यावर एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली: जे देश एकमेकांचा माल रोज विकत घेतात त्यांना एकमेकांवर तोफा डागणं महाग पडतं. हा विचार त्यांचा एकट्याचा नव्हता. पण त्यासाठी घरदार पणाला लावणारे थोडेच.

त्यांचं पहिलं मोठं काम म्हणजे धान्य कायद्यांविरुद्धची चळवळ. परदेशी गव्हावर जबर जकात लावून जमीनदारांचं उत्पन्न सांभाळणारे हे कायदे गिरणी कामगाराची भाकरी महाग करत होते. १८३८ साली मँचेस्टरमध्ये चळवळ उभी राहिली. सभा, पत्रकं, वर्गणी, मतदारनोंदणी, आज ज्याला आपण प्रचारयंत्रणा म्हणतो ते सगळं तिथे होतं. १८४१ मध्ये कॉब्डेन स्टॉकपोर्टमधून खासदार झाले. त्याच वर्षी जॉन ब्राइट यांची तरुण पत्नी वारली. सांत्वनाला गेलेल्या कॉब्डेननी ब्राइटना याच कामात ओढलं, आणि ही जोडी मग शेवटपर्यंत टिकली. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, उपासमार सुरू झाली, आणि १८४६ मध्ये पंतप्रधान पील यांनी स्वतःच्या पक्षाचा विरोध पत्करून कायदे रद्द केले. श्रेय त्यांनी भर संसदेत कॉब्डेनना दिलं.

इकडे कॉब्डेनच्या धंद्याचं दिवाळं निघायची वेळ आली होती. चाहत्यांनी वर्गणी काढली. पाऊण लाख पौंडांच्या घरात रक्कम जमली. त्यातून कर्जं फेडून त्यांनी बालपणी गमावलेलं डनफर्डचं घर विकत घेतलं. उरलेल्या पैशातला मोठा भाग अमेरिकेतल्या इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या शेअरमध्ये घातला आणि अडकून बसले. देशाला व्यापार शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःचा हिशेब मात्र कधी जमला नाही.

पुढची दहा वर्षं वाईट गेली. क्रिमियाच्या युद्धाला विरोध केला म्हणून लोक चिडले. १८५६ मध्ये पंधरा वर्षांचा एकुलता मुलगा जर्मनीतल्या शाळेत तापाने गेला. आई-वडिलांना जवळ पोहोचताही आलं नाही. पत्नी कॅथरिन त्या धक्क्यातून बराच काळ सावरल्या नाहीत. १८५७ मध्ये चीनवरच्या युद्धाचा निषेध केला तर निवडणुकीत पराभव झाला. दोन वर्षांनी रॉचडेलमधून पुन्हा निवडून आले तेव्हा पंतप्रधान पामर्स्टन यांनी मंत्रिपद देऊ केलं. ज्यांच्या परराष्ट्र धोरणावर आयुष्यभर टीका केली त्यांच्या मंत्रिमंडळात बसायचं कसं? कॉब्डेननी नकार दिला.

आणि नेमक्या त्याच वर्षी फ्रान्सचं प्रकरण समोर आलं. फ्रेंच अर्थतज्ज्ञ मिशेल शेव्हालिये यांनी सुचवलं की दोन्ही देशांनी करार करून जकाती उतरवाव्यात. मुळात मुक्त व्यापारवाल्यांना अशी देवघेव पसंत नव्हती. आपली जकात आपण आपल्या हितासाठी उतरवावी, समोरच्याने काय दिलं याचा हिशेब कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण फ्रान्समध्ये दुसरी वाटच नव्हती. तिथली विधानसभा कारखानदारांच्या मुठीत होती, जकात कमी करणारा कायदा ती मंजूर करणं अशक्य. मात्र १८५२ च्या राज्यघटनात्मक बदलाने परदेशी व्यापारी करारावर सही करण्याचा अधिकार एकट्या सम्राट तिसऱ्या नेपोलियनकडे आला होता. म्हणजे कायदा नको, करार हवा. तत्त्वाला थोडी मुरड घालून कॉब्डेन तयार झाले.

सप्टेंबर १८५९ मध्ये त्यांनी अर्थमंत्री ग्लॅडस्टनना गाठलं. संमती मिळाली, पण कागदोपत्री अधिकार काहीच नाही. ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जाऊन त्यांनी सम्राटाची भेट घेतली. पुढचे तीन महिने बोलणी गुपचूप चालली. बातमी फुटली असती तर फ्रान्समधल्या गिरणीवाल्यांनी रान उठवलं असतं. १७८६ च्या जुन्या करारानंतर इंग्रजी मालाने आपले कारखाने बुडवले, ही आठवण तिथे अजून ताजी होती. खुद्द सम्राटाचे काही मंत्रीही विरोधात. शेवटी २३ जानेवारी १८६० रोजी सह्या झाल्या.

फ्रान्सने आयातबंदी उठवली. इंग्रजी मालावर ३० टक्क्यांहून जास्त जकात लावायची नाही आणि १८६४ पासून ही मर्यादा २५ टक्क्यांवर आणायची, असं ठरलं. इंग्लंडने फ्रेंच कारखानी मालावरची जकात जवळजवळ संपूर्ण काढली, वाइन आणि ब्रँडीवरची खूपच उतरवली. ग्लॅडस्टनच्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात जकात लागणाऱ्या वस्तू ४१९ वरून ४८ वर आल्या. आणखी एक कलम होतं, ज्याचं महत्त्व त्या दिवशी फार थोड्यांना कळलं असेल: यापुढे दोघांपैकी कोणीही तिसऱ्या देशाला जी सवलत देईल ती आपोआप दुसऱ्यालाही मिळेल.

सही झाली म्हणजे काम संपलं, असं वाटतं. खरं काम तिथूनच सुरू झालं. ३० टक्के कशाचे? कुठल्या सुताचे, कुठल्या पत्र्याचे, कुठल्या किमतीवर? प्रत्येक वस्तूचा दर वेगळा ठरवायचा होता. १८६० चा उन्हाळाभर कॉब्डेन पॅरिसमध्ये अधिकाऱ्यांबरोबर बसले. दोन्हीकडचे कारखानदार येऊन आपापलं रडगाणं गात. फ्रेंच म्हणत, आम्ही बुडालो. इंग्रज म्हणत, आम्हाला काहीच मिळालं नाही. नमुने घेऊन फिरणारा जुना विक्रेता इथे कामी आला. कापडाचा पोत, धाग्याचा नंबर, छपाईचा खर्च त्यांना तोंडपाठ होता. नोव्हेंबरपर्यंत दरपत्रक पूर्ण झालं तेव्हा अनेक वस्तूंवरचे दर कमाल मर्यादेच्या बरेच खाली आले होते.

याच उन्हाळ्यात पामर्स्टन यांनी संसदेत दक्षिण किनाऱ्यावर किल्ले बांधण्यासाठी लाखो पौंडांची योजना मांडली. शत्रू कोण, तर फ्रान्स. ज्या देशाशी आपला माणूस दरपत्रकावर बसला आहे त्याच देशाच्या स्वारीची भीती! कॉब्डेनचा संताप झाला. त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहिली, पण किल्ल्यांचा पैसा मंजूर झाला. पोर्ट्समथसमोर समुद्रात उभे राहिलेले ते गोल किल्ले आजही आहेत. फ्रेंचांवर त्यांतून कधी गोळा सुटला नाही. त्यांपैकी दोनांची पुढे हॉटेलं झाली.

करारात हरलेलेही होते. कॉव्हेंट्रीच्या रेशमी फितीच्या विणकरांवर आभाळ कोसळलं; फ्रेंच रेशमापुढे टिकाव लागेना, हजारो लोक गाव सोडून गेले. नॉर्मंडीच्या सूतगिरण्यांची दमछाक झाली. फ्रेंच सरकारने यंत्रं बदलायला कारखानदारांना ४ कोटी फ्रँकची कर्जं दिली, विणकरांसाठी इंग्लंडने तसं काही केलं नाही. हा भाग कॉब्डेनच्या गौरवग्रंथांत सहसा दोन ओळींत उरकला जातो. पण त्या विणकरांनाही हिशेबात धरायला हवं.

पुढे बेल्जियम, जर्मन राज्यांचा संघ, इटली, स्वित्झर्लंड, स्वीडन, ऑस्ट्रिया अशा एकेका देशाने फ्रान्सशी करार केले आणि त्या एका कलमामुळे प्रत्येक सवलत सगळीकडे पसरत गेली. १९४७ च्या जागतिक व्यापार कराराचं पहिलंच कलम याच तत्त्वाचं आहे.

हिंदुस्थानाशी मात्र असा करार कोणी केला नाही, कारण करार दोन बरोबरीच्यांत होतो. कॉब्डेन स्वतः कंपनीच्या राज्यविस्ताराचे विरोधक. १८५३ मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धावर त्यांनी एक झणझणीत पुस्तिका लिहिली होती. पण त्यांच्या पश्चात मुक्त व्यापाराचं नाव घेऊन लँकेशायरने इथली कापडावरची आयात जकात १८८२ मध्ये काढायला लावली. १८९६ मध्ये तर मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषण करताना न्यायमूर्ती रानडे यांनी इंग्लंडचे आर्थिक नियम जसेच्या तसे हिंदुस्थानाला लागू पडत नाहीत, हे सविस्तर मांडलं, ते याच काळात.

सरकारने देऊ केलेला किताब कॉब्डेननी नाकारला. घसा आणि छाती पार खचली होती, हिवाळा अल्जियर्सला काढावा लागला. मार्च १८६५ मध्ये, कॅनडातल्या तटबंदीच्या खर्चाविरुद्ध बोलायला ते बोचऱ्या थंडीत लंडनला निघाले. भाषण झालंच नाही. २ एप्रिलला ते गेले, वय साठ. पुरलं ससेक्समध्येच, मुलाजवळ. फ्रान्सच्या सरकारने जाहीर शोक व्यक्त केला. लंडनच्या कॅम्डेन टाउनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला तेव्हा वर्गणीदारांत सम्राट तिसऱ्या नेपोलियनचंही नाव होतं.

पाचच वर्षांत सम्राटाचं राज्य गेलं आणि तो स्वतः इंग्लंडमध्ये आश्रयाला आला. १८९२ मध्ये फ्रान्सने पुन्हा जकातीची भिंत उंच केली. युद्ध मात्र या दोन देशांत परत झालं नाही.